धक्का आणि घाव : बंदुकीच्या गोळीचा इतिहास

दोन गोळ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजू. पहिली पिस्तुलाची : व्यास .४५ इंच म्हणजे सुमारे साडेअकरा मिलिमीटर, वजन सुमारे १५ ग्रॅम, बोथट आणि बुटकी. दुसरी रायफलीची : व्यास ५.५६ मि.मी., वजन अवघे ४ ग्रॅम, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती. यांतली अधिक मारक कोणती, असा प्रश्न नववीच्या वर्गात विचारला तर बहुतेक हात पहिल्या गोळीच्या बाजूने वर होतील. जड वस्तू जोरात लागते, हा रोजचा अनुभव त्यामागे असतो.

आता वेग पाहू. पिस्तुलाची गोळी नळीतून बाहेर पडते ती सेकंदाला सुमारे २५० मीटर वेगाने. रायफलीची सुमारे ९०० मीटर वेगाने. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, काढला तर पहिल्या गोळीचा येतो ३.७५ आणि दुसरीचा ३.६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. जवळजवळ सारखाच. पण गतिज ऊर्जा काढली की चित्र पालटते. पहिलीची ऊर्जा ४७० ज्यूलच्या आसपास भरते, तर दुसरीची १६२० ज्यूल, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट.

रायफल आणि पिस्तूल यांच्या दारूगोळ्यातला बहुतेक फरक या हिशेबात सामावलेला आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गोळीला जेवढा संवेग पुढे मिळतो तेवढाच बंदुकीला मागे मिळतो. तो बंदूक धरणाऱ्याने सोसायचा. ऊर्जेची वाटणी मात्र अशी समसमान होत नाही. एक किलो वजनाचे पिस्तूल ३.७५ एवढ्या संवेगाने मागे आले तर त्याची ऊर्जा होते ७ ज्यूल. चार किलोची रायफल ३.६ संवेगाने मागे आली तर दीड ज्यूलपेक्षा किंचित जास्त. बाकीची शेकडो ज्यूल ऊर्जा गोळीबरोबर पुढे जाते. (दारूच्या वायूंचाही धक्क्यात वाटा असतो. रायफलीत दारू जास्त असल्याने तिचा खरा धक्का या हिशेबापेक्षा थोडा अधिक भरतो. पण मुद्दा बदलत नाही.) धक्का मारणाऱ्याला, घाव पलीकडच्याला. हाताला किंवा खांद्याला झेपेल एवढ्या धक्क्यात पलीकडे काय आणि किती पोचवायचे, हा प्रश्न बंदूकवाल्यांना अडीचशे वर्षे पुरला. त्यातला ‘किती’ विज्ञानाने सोडवला. ‘काय’ या शब्दावर मात्र एकदा आंतरराष्ट्रीय परिषदेत भांडण झाले, आणि त्या भांडणाच्या मुळाशी होते आपल्याच देशातले एक गाव.

लंबकावर मोजलेला वेग

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बंदुकीच्या गोळीचा वेग कोणालाही ठाऊक नव्हता. डोळ्याला न दिसणाऱ्या वस्तूचा वेग मोजायचा कसा? हे कोडे सोडवले बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एक साधे उपकरण वर्णिले आहे : लाकडी फळी बसवलेला एक जड लंबक. त्याचे वजन होते सुमारे ५६ पौंड. त्यावर पाऊण इंच व्यासाची, एक पौंडाचा बारावा भाग वजनाची शिशाची गोळी झाडायची. गोळी लाकडात रुतते आणि लंबक मागे झुलतो. किती झुलला ते फितीने मोजायचे.

याचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. लंबकाचे सगळे वस्तुमान एका बिंदूत आहे असे सोपेपणासाठी मानू. गोळी ३८ ग्रॅमची, लंबक साडेपंचवीस किलोचा, म्हणजे गोळीच्या सुमारे पावणेसातशे पट. रॉबिन्सला वेग मिळाला सेकंदाला सुमारे १७०० फूट, म्हणजे ५१० मीटर. संवेग टिकून राहतो या नियमाने लंबकाला मिळणारा वेग सेकंदाला पाऊण मीटर, आणि त्यामुळे तो वर उचलला जाईल सुमारे तीन सेंटिमीटर. ताशी अठराशे किलोमीटरचा वेग तीन सेंटिमीटरच्या उंचीत वाचता आला! ऊर्जेचा हिशेबही मांडावा. गोळीपाशी होते जवळजवळ ४९०० ज्यूल. झुलणाऱ्या लंबकापाशी उरतात जेमतेम ७. बाकीचे कुठे गेले? लाकूड फोडण्यात, शिसे चेपण्यात आणि उष्णतेत. संवेग टिकतो आणि गतिज ऊर्जा मात्र रूप पालटते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य या उदाहरणाने मुलांच्या कायमचे लक्षात राहते.

जोर मोजायचा तो वेगाच्या पटीत की वेगाच्या वर्गाच्या पटीत, हा वादही त्याच काळातला. हॉलंडमधील लायडनचे प्राध्यापक ग्राव्हेसांदे यांनी सारख्या आकाराचे पण वेगवेगळ्या वजनाचे पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले होते. वजन आणि उंची यांचा गुणाकार सारखा ठेवला की खळगेही सारखेच पडत. उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेव्हा मातीतला खळगा हा वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याचा हिशेब दाखवतो. गणपतीसाठी आणलेल्या शाडूतला एक गोळा बाजूला काढून ठेवला तर हा प्रयोग शाळेत पाच मिनिटांत होतो.

रॉबिन्सने आणखी एक गोष्ट दाखवली. वेगवान गोळीला हवेचा होणारा विरोध तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो. तोवरचे तोफशास्त्र गॅलिलिओच्या निर्वात परवलयावर चालत होते, त्याला हा मोठाच धक्का होता. ऑयलरसारख्या गणितज्ञाने रॉबिन्सचे पुस्तक १७४५ साली जर्मन भाषेत आणले ते उगीच नव्हे. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने रॉबिन्सला आपल्या किल्ल्यांच्या बांधणीसाठी हिंदुस्थानात पाठवले, आणि १७५१ साली दक्षिणेकडे कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो तापाने वारला. गोळीचा वेग पहिल्यांदा मोजणाऱ्या माणसाचा शेवट आपल्याकडे झाला, हे फार थोड्यांना माहीत असते.

चरबी कशाला लागली?

रॉबिन्सच्या काळची बंदूक ठासणीची होती. नळी आतून गुळगुळीत, आणि गोळी नळीपेक्षा थोडी लहान, म्हणजे वरून टाकली की गजाच्या दोन दणक्यांत खाली जाईल. अशी गोळी नळीत भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि कशीही गिरक्या घेई. नळीत आतून मळसूत्री आटे पाडले तर गोळी भोवऱ्यासारखी एकाच अक्षाभोवती फिरते आणि सरळ जाते, हे शिकाऱ्यांना केव्हाच ठाऊक होते. ‘रायफल’ हे नाव या आट्यांवरूनच पडले. अडचण अशी की आट्यांत घट्ट बसणारी गोळी वरून ठोकून ठोकून खाली न्यावी लागे. शिकाऱ्याला तेवढा वेळ असतो, शिपायाला नसतो.

यावर तोड काढली फ्रेंच अधिकारी क्लोद मिनिए याने, १८४०च्या दशकाच्या अखेरीस. त्याची गोळी लांबट होती आणि बुडाशी पोकळ. ती नळीत सैल उतरे. दारू पेटली की वायूच्या दाबाने तिचे बूड फुलून आट्यांत घट्ट बसे. याच तत्त्वावर इंग्रजांनी १८५३ची एनफील्ड रायफल केली. तिचे काडतूस कागदाचे होते : एका बाजूला दारू, दुसऱ्या बाजूला गोळी. शिपायाने कागद दातांनी फाडायचा, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट वर ठेवून गजाने खाली ढकलायची. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपात राहतो. तो नळीत साचतो, आटे बुजतात, दहा-वीस बारांनंतर गोळी खाली उतरेनाशी होते. म्हणून गोळीकडच्या कागदाला चरबीचे वंगण.

हिंदुस्थानात या नव्या रायफलीचे शिक्षण देण्यासाठी तीन केंद्रे निवडली गेली : अंबाला, सियालकोट आणि कलकत्त्याजवळचे दमदम. दमदमला १८४६पासून दारूगोळ्याचा कारखाना होता. जानेवारी १८५७मध्ये काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावतात ही वार्ता प्रथम उठली ती इथेच. कारखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला आणि त्यावरून बोलाचाली होऊन ही गोष्ट बाहेर फुटली, अशी हकिगत इतिहासग्रंथांत दिलेली असते. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांचा विषय येतोच. उठावाची कारणे अर्थातच खोल होती. संस्थाने खालसा झाली होती, शिपायांचे भत्ते कापले गेले होते, शेतसारा जाचक झाला होता. सगळे एका चरबीवर ढकलणे म्हणजे इतिहास सोपा करून टाकणे होय. तरीही ठिणगी पडली ती तिथे, आणि तिच्यामागे एक निव्वळ यांत्रिक अडचण होती, हे विज्ञानाच्या शिक्षकाने सांगायला हरकत नाही.

योगायोग असा की १८५७ सालीच अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी .२२ इंच व्यासाच्या गोळीचे एक चिमुकले धातूचे काडतूस बाजारात आणले. गोळी, दारू आणि ती पेटवणारे रसायन ही सगळी एकाच धातूच्या नळकांड्यात. दाताने फाडायला नको, चरबीचा कागद नको. दहा वर्षांच्या आत ब्रिटिश फौजेनेही ठासणीच्या एनफील्ड कापून मागून भरण्याच्या केल्या आणि कागदी काडतूस निकालात निघाले. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, म्हणजे या नव्या काळातला.

धूर नाहीसा झाला

पुढची उडी रसायनशास्त्राने घेतली. काळ्या दारूने गोळीचा वेग साडेचारशे-पाचशे मीटरच्या फार पुढे नेता येत नव्हता. १८८४ साली पॉल व्येई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून धूर न करणारी दारू बनवली. ती जळून जवळजवळ पूर्णपणे वायू होते. दोनच वर्षांत फ्रान्सने ८ मि.मी. व्यासाची लेबेल रायफल काढली आणि युरोपातल्या सगळ्या सैन्यांच्या बंदुका एका रात्रीत जुन्या झाल्या.

आता सुरुवातीचा हिशेब आठवावा. धक्का संवेगाचा, आणि खांद्याची सहनशक्ती काही वाढलेली नाही. म्हणजे वेग वाढवायचा तर गोळी हलकी करायला हवी. एनफील्डची गोळी .५७७ इंच व्यासाची आणि ३४ ग्रॅमची होती, ब्रिटिशांची नवी.३०३, म्हणजे आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून प्रसिद्ध झालेली, सुमारे १४ ग्रॅमची. वेग सेकंदाला ६०० मीटरच्या घरात, ऊर्जा अडीच हजार ज्यूल. एवढ्या वेगाला नुसते शिसे आट्यांत टिकत नाही, खरवडून निघते. म्हणून गोळीवर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कवच चढवले गेले. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने ही युक्ती १८८०च्या दशकात काढली होती.

कवचाची गोळी सरळ जाई, दूर जाई आणि चपटी होत नसे. आणि नेमके हेच काहींना खटकू लागले.

दमदम पुन्हा एकदा

१८९५ साली वायव्य सरहद्दीवर चित्रालची मोहीम झाली. तिथून तक्रारी येऊ लागल्या की नव्या .३०३ची गोळी माणसाच्या आरपार जाते, लहानसे छिद्र पाडते, आणि जखमी झालेला पठाण पुढे चालून येतच राहतो.

इथे विज्ञानाचा एक बारकावा आहे. गोळीपाशी ऊर्जा किती होती यापेक्षा तिच्यातली किती ऊर्जा शरीरात खर्च झाली, याला महत्त्व असते. समजा १४ ग्रॅमची गोळी ५०० मीटर वेगाने शिरली आणि ४०० मीटर वेगाने पलीकडे निघाली. तिच्यापाशी १७५० ज्यूल होते. त्यांतले ६३० आत खर्च झाले, उरलेले ११२० ती बरोबर घेऊन गेली. गोळी आत शिरताच फुलली, रुंद झाली, तर तिला होणारा विरोध वाढतो, ती आतच थांबते आणि सगळी ऊर्जा तिथेच खर्च होते.

दमदम कारखान्याचे प्रमुख कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी हेच केले. गोळीच्या टोकावरचे कवच थोडे उघडे ठेवले. आतले मऊ शिसे लागल्याबरोबर भुईछत्रीसारखे पसरे. १८९७-९८च्या तिराह मोहिमेत ही गोळी आफ्रिदींवर वापरली गेली आणि ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर झाले. लंडनजवळच्या वुलिच येथे खोलगट टोकाची तशीच गोळी तयार झाली आणि १८९८मध्ये सुदानातल्या ओमदुर्मानच्या लढाईत वापरली गेली.

युरोपात याचे पडसाद उठले. १८६८च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची स्फोटक प्रक्षेपणे निषिद्ध ठरली होती. शत्रूचा शिपाई लढण्यास असमर्थ झाला की युद्धाचे काम झाले, त्यापलीकडे यातना वाढवण्याचा हक्क कोणाला नाही, हे तत्त्व त्यामागे होते. १८९९च्या उन्हाळ्यात हेग येथे भरलेल्या शांतता परिषदेत दमदम गोळीचा विषय निघाला. ब्रिटनच्या वतीने मेजर जनरल सर जॉन आर्डा यांनी तिची बाजू मांडली. सुधारलेल्या राष्ट्रांच्या युद्धात शिपाई जखमी झाला की मागे सरतो, रानटी टोळीवाला मात्र भोसकायला पुढेच येतो, तेव्हा त्याला वेगळी गोळी हवी, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. जर्मनीतील शल्यविशारद फॉन ब्रुन्स यांच्या प्रयोगांवर परिषदेत भर दिला गेला होता; पण त्यांनी वापरलेल्या गोळ्यांत शिसे दमदमपेक्षा पुष्कळ जास्त उघडे होते, ही ब्रिटिशांची तक्रार मात्र खरी होती. वैज्ञानिक पुरावा घाईने वापरला की असे होते. तरी त्या तक्रारीने पहिला युक्तिवाद सुधारत नाही. पठाणाचे शरीर आणि फ्रेंच शिपायाचे शरीर यांत शल्यविशारदाला फरक सापडला नसता.

ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले, तरी ठराव झाला. २९ जुलै १८९९चा जाहीरनामा माणसाच्या शरीरात सहज फुलणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या वापरण्यास मनाई करतो. त्यात एक मेख होती. तो बंधनकारक होता फक्त सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतल्या युद्धात. ज्यांच्यावर या गोळ्या झाडल्या गेल्या होत्या त्या आफ्रिदींना आणि सुदानींना सही करायला कोणी बोलावलेच नव्हते. ब्रिटनने १९०७ साली जाहीरनामा मान्य केला.

त्यानंतरची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. १९१० साली .३०३ची नवी गोळी आली : सव्वाअकरा ग्रॅमची, टोकदार, वेग सेकंदाला ७४० मीटर. कवच अगदी पूर्ण, हेगच्या शब्दाला धरून. मात्र कवचाच्या आत टोकाकडे शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरला होता. लांबी टिकवून वजन कमी करणे हा त्याचा एक हेतू. पण त्यामुळे गोळीचा गुरुत्वमध्य मागे गेला. हवेत आट्यांची फिरकी तिला सरळ ठेवी. हवेपेक्षा कितीतरी घट्ट अशा शरीरात शिरताच ती फिरकी अपुरी पडे आणि गोळी कोलांटी घेई. फुलली नाही, आडवी झाली. परिणाम पुष्कळसा तोच. दोन्ही महायुद्धे ब्रिटनने याच गोळीवर लढली, आणि तिला हेगच्या जाहीरनाम्याची आडकाठी झाली नाही.

फुलणाऱ्या गोळीची मनाई आजही टिकून आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराने असा वापर युद्धगुन्हा ठरवला आहे. गंमत अशी की युद्धात निषिद्ध असलेली हीच गोळी अनेक देशांचे पोलीस पिस्तुलात मुद्दाम वापरतात, कारण आरपार जाणारी गोळी रस्त्यावर मागे उभ्या असलेल्या भलत्याच माणसाला लागू शकते. जिथे शिकारीला परवानगी आहे तिथेही मऊ टोकाचीच गोळी योग्य मानतात, कारण जनावर तडफडत न राहता लवकर मरावे. गोळी तीच, कोणावर, कुठे आणि कशासाठी, यावरून ती क्रूर ठरते किंवा दयाळू.

मुठीची मर्यादा

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण त्यांच्यापुढचा पेच कधी सुटलाच नाही. खांद्याचा आधार नाही, शस्त्राचे वजन एक किलोच्या आसपास, नळी दहा-बारा सेंटिमीटरची. रायफलीच्या अर्धा मीटर नळीत गोळीला ढकलायला वायूला जेवढे अंतर मिळते त्याच्या पाचव्या हिश्शातच सगळे आटोपायचे. .३०३चा ८ पेक्षा जास्त संवेग एक किलोच्या पिस्तुलाला दिला तर ते सेकंदाला आठ मीटर वेगाने मागे येईल. मनगटाचे काय होईल ते सांगायला नको. म्हणून पिस्तुलाची गोळी साडेतीनशे ते पाचशे ज्यूलच्या पट्ट्यातच घोटाळत राहिली.

या पट्ट्यात जड आणि संथ गोळी बरी की हलकी आणि वेगवान, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. फिलिपीन्समध्ये मोरो लढवय्यांपुढे .३८ची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडतात अशी ओरड झाल्यावर अमेरिकी सैन्याने १९०४ साली थॉमसन आणि लागार्ड या दोघा अधिकाऱ्यांकडून शिकागोच्या कत्तलखान्यात गुरांवर आणि प्रेतांवर प्रयोग करवले. जनावरे मोजकी, मोजमाप ढोबळ. आजच्या कसोटीने ते प्रयोग फारसे टिकत नाहीत. त्यांच्या शिफारशीवरून .४५ व्यास ठरला आणि १९११ साली ब्राउनिंगचे पिस्तूल स्वीकारले गेले. युरोपने मात्र लुगरची १९०२ची ९ मि.मी. गोळी पसंत केली : ८ ग्रॅम, सेकंदाला सुमारे ३६० मीटर. ऊर्जा दोघींची जवळपास सारखीच, संवेग ९ मि.मी.चा कमी. म्हणजे धक्का कमी. बहुतेक जगाने शेवटी ९ मि.मी.च निवडली. १९८६ साली मायामीत दोन साथीदार मारले गेल्यानंतर अमेरिकेच्या एफ.बी.आय.नेही जास्त ताकदीच्या गोळ्या वापरून पाहिल्या आणि तीसेक वर्षांनी परत ९ मि.मी.वर आली. हलक्या धक्क्याच्या पिस्तुलाने नेम अधिक लागतो, हे त्यामागचे एक कारण होते. नेम न लागलेल्या गोळीची ऊर्जा हिशेबात धरायची नसते.

हाच धडा रायफलींनाही गिरवावा लागला. .३०३सारख्या गोळ्या हजार मीटरपर्यंत मारा करण्यासाठी योजलेल्या होत्या, पण दुसऱ्या महायुद्धात बहुतेक चकमकी तीन-चारशे मीटरच्या आतच होतात असे दिसून आले. जर्मनांनी आणि पाठोपाठ रशियनांनी मधल्या ताकदीचे काडतूस काढले. कलाश्निकोव्ह रायफलीची गोळी सुमारे ८ ग्रॅमची, वेग ७०० मीटरच्या वर, ऊर्जा दोन हजार ज्यूल. तिचा धक्का .३०३च्या दोन-तृतीयांशच असल्यामुळे ती एकामागून एक झाडली तरी रायफल ताब्यात राहते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती असलेल्या बंदुकांत ‘थ्री नॉट थ्री’ होत्या. एका गोळीची ऊर्जा पाहिली तर ती समोरच्या कलाश्निकोव्हच्या दीडपट. पण दर बारानंतर हाताने खटका मागेपुढे करावा लागणारी बंदूक आणि घोडा दाबून धरला की तीस गोळ्या सोडणारी बंदूक यांची तुलना ज्यूलमध्ये होत नाही.

आपल्या सैन्याने १९९०च्या दशकात ५.५६ मि.मी.ची इन्सास घेतली. लेखाच्या सुरुवातीची चार ग्रॅमची गोळी तीच. भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात अशी काडतुसे तयार होतात. २०१९पासून आघाडीवरच्या तुकड्यांसाठी पुन्हा ७.६२ मि.मी.ची, साडेनऊ ग्रॅमची गोळी झाडणाऱ्या रायफली आणल्या गेल्या, कारण डोंगरी सरहद्दीवर अंतरे मोठी असतात. लंबक पुन्हा दुसऱ्या बाजूला झुकला.

कागदावरचे छिद्र

ज्या गोळीला कोणालाच घायाळ करायचे नसते तिचे गणित निराळे. १८५७च्या त्या चिमुकल्या .२२ काडतुसाला १८८७ साली थोडी लांब बहीण मिळाली, आणि आज ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या दोन्ही प्रकारांत तेच काडतूस वापरले जाते. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या थोडा खाली. हे मुद्दाम, ध्वनीचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळीच्या वाटेत गडबड होते. ऊर्जा दीडशे ज्यूलही नाही.

पन्नास मीटर जायला तिला सुमारे ०.१५५ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. खेळाडूला या १२ सेंटिमीटरची चिंता नसते, नेमदर्शक तेवढा वळवून ठेवता येतो. चिंता असते ती दर वेळी बरोबर तेवढीच खाली येण्याची. वेगात सेकंदाला तीन मीटरचा, म्हणजे एक टक्क्याचा फरक पडला तर पतनात दोन टक्क्यांचा, सुमारे अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. आणि लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे १०.४ मिलिमीटर. म्हणून मोठे नेमबाज काडतुसांच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जमली ती खेप वर्षभर पुरेल एवढी घेऊन ठेवतात.

कोल्हापूरने या एकाच काडतुसावर दोन्ही शस्त्रांचे खेळाडू दिले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर रायफलीची जगज्जेती झाली, तर राही सरनोबत हिने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक घेतले. पिस्तुलाच्या अचूक नेमबाजीच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते आणि अंतर निम्मे. नेमबाजाच्या डोळ्याशी होणारा कोन काढला तर पिस्तुलाचे वर्तुळ रायफलीच्या वर्तुळाच्या जवळजवळ साडेनऊ पट मोठे भरते. काडतूस एकच, गोळी एकच, धक्काही एवढासाच. मग एवढी सवलत कशासाठी, याचे उत्तर मुलांना एक किलोचे वजन लांब केलेल्या एका हातात मिनिटभर धरायला सांगून, आणि नंतर चार किलोची पिशवी छातीशी टेकवून धरायला सांगून, वर्गातच मिळवता येईल.